वर टाकलेली पाचवी चिमणी: ख्रिस्ती विचारात माणसापुढे जनावराचं मोल किती?

११ ऑगस्ट २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातली भटकी कुत्री उचलून निवारागृहांत ठेवण्याचा आदेश दिला. अकरा दिवसांनी, २२ ऑगस्टला, तो बदलला. नसबंदी करा, लस टोचा आणि जिथून उचललं तिथंच सोडा. मात्र रेबीज झालेलं, तसा संशय असलेलं किंवा अंगावर धावून येणारं कुत्रं सोडू नका. दिल्लीच्या कुत्र्यांवरून आपल्याकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवरही दोन तट पडले. एक म्हणे, "माणसाच्या लेकरापेक्षा कुत्रं मोठं झालं का?" दुसरा म्हणे, "त्यालाही जीव आहे ना!"

या भांडणात हिंदू, जैन, बौद्ध काय म्हणतात याचा मराठवाड्यातल्या माणसाला साधारण अंदाज असतो. ख्रिस्ती लोक काय मानतात, हे मात्र फारसं ठाऊक नसतं. जालन्याजवळ नारायण शेषाद्री यांनी बेथेल ही ख्रिस्ती वस्ती वसवली ती एकोणिसाव्या शतकात, म्हणजे वस्ती थोडी असली तरी जुनी आहे. तरीही कानावर पडतं ते एवढंच: "त्यांच्या बायबलात लिहिलंय, जनावरं माणसासाठीच केलीत. राबवा आणि खा." बरेच ख्रिस्तीही तेच समजून बसलेत. ही समजूत अर्धी आहे, आणि सुटलेलं अर्धंच जास्त महत्त्वाचं आहे.

आधी चिमणीचा भाव

येशूच्या काळी चिमण्या बाजारात विकायला असत. गरिबाचं मांस तेच. बायबलमधल्या मत्तयाच्या पुस्तकात, १०व्या अध्यायात भाव दिलाय: एका नाण्याला दोन. या नाण्याला जुन्या मराठी भाषांतरात 'दमडी' म्हटलंय. मूळ नाणं रोमन, मजुराच्या एका दिवसाच्या रोजाचा सोळावा हिस्सा. रोज ४०० रुपये धरला तर २५ रुपयांना दोन चिमण्या.

लूकच्या १२व्या अध्यायात तोच भाव जरा वेगळा आहे: दोन नाण्यांना पाच. हिशेबाने चारच व्हायला हव्यात. पाचवी वर टाकलेली. आठवडी बाजारात कोथिंबिरीची एक काडी वर टाकतात, तशी. म्हणजे तिला भावच नाही. येशू म्हणतो, त्यांतल्या एकीचाही देवाला विसर पडत नाही. बाजारात जिची किंमत शून्य, ती देवाच्या हिशेबात आहे.

पुढच्याच वाक्यात तो शिष्यांना सांगतो की पुष्कळ चिमण्यांपेक्षा तुमचं मोल अधिक आहे. ख्रिस्ती भूमिका या दोन वाक्यांत आली: चिमणीचं मोल शून्य नाही, आणि माणसाचं जास्त. अडचण अशी, की लोक यातलं एकच वाक्य उचलतात. गंमत म्हणजे पहिलं वाक्य खोटं ठरवलं तर दुसऱ्यातला दिलासाही जातो. देवाला चिमणीची पर्वाच नसेल, तर 'तिच्यापेक्षा तुम्ही मोलाचे' म्हणण्यात काय राहिलं?

'प्रतिरूप' म्हणजे अक्कल नव्हे

माणसाचं मोल जास्त का? बायबलच्या पहिल्याच अध्यायात कारण आहे: देवाने माणूस आपल्या प्रतिरूपाचा केला. हा या विषयातला मुख्य शब्द, तो एकदा नीट समजून घेऊ.

मूळ हिब्रू शब्द आहे 'त्सेलेम', म्हणजे मूर्ती, पुतळा. त्या काळचे राजे लांबच्या मुलखात आपला पुतळा उभारत; इथं सत्ता कुणाची, ते त्यावरून कळे. आपल्याकडचा दाखला द्यायचा तर निजामी राजवटीतला अव्वल तालुकदार घ्या. जिल्हा त्याच्या हुकमावर चाले, पण जिल्हा त्याच्या मालकीचा नव्हता. त्याची सही चाले ती हैदराबादच्या नावाने, आणि जाबही तिकडेच द्यावा लागे. प्रतिरूप म्हणजे ही अशी नेमणूक.

म्हणजे बुद्धी, भाषा, हुशारी यांवर माणसाचं मोल बेतलेलं नाही. प्राणिहक्कवादी तत्त्वज्ञ इथं एक धारदार प्रश्न विचारतात: तान्ह्या बाळापेक्षा कुत्र्याला जास्त समजतं, मतिमंद माणसापेक्षा माकड हुशार असू शकतं, मग माणसाला वरचं स्थान कशासाठी? केवळ आपल्या जातीचा म्हणून? याला ते प्रजातिवाद म्हणतात. मोल अकलेवर ठरत असतं तर या प्रश्नाला उत्तर नव्हतं. ख्रिस्ती विचारात ते नेमणुकीवर ठरतं, आणि नेमणूक सगळ्या माणसांची आहे. पाळण्यातलं बाळ, अंथरुणाला खिळलेली आजी, काही न कळणारा मुलगा, सगळे त्यात आले. परीक्षा घेऊन कुणाला वगळता येत नाही. देवच न मानणाऱ्याला हे पटणार नाही, ते ठीक. पण ख्रिस्ती माणूस अकलेच्या घमेंडीतून बोलतो, हा आरोप लागू पडत नाही.

दुसरी बाजूही पाहा. बायबलमध्ये देव सहा दिवसांत सृष्टी घडवतो, पण त्यात माणसाला स्वतंत्र दिवस मिळालेला नाही. गुरं, सरपटणारे प्राणी आणि माणूस, तिघंही सहाव्या दिवसाचे. 'जिवंत प्राणी' यासाठीचा 'नेफेश हय्या' हा हिब्रू शब्द माशांना, गुरांना आणि आदामालाही लावलाय. आणि पशुपक्षी झाल्यावर देवाने 'चांगलं आहे' म्हटलं, तेव्हा माणूस अजून जन्माला यायचा होता. ते चांगलेपण माणसाच्या उपयोगावरून मोजलेलं नव्हतं.

सत्ता गाजवा? अर्धलीची शेळी आठवा

त्याच अध्यायात माणसाला प्राण्यांवर सत्ता दिलीय. टीकाकारांचा सगळा रोख या शब्दावर. हिब्रू शब्द 'रादा', राज्य करणं. तोच शब्द बायबलमधल्या लेवीय या पुस्तकाच्या २५व्या अध्यायात येतो: गरिबीमुळे तुझ्याकडे राबायला आलेल्या भावावर कठोरपणे सत्ता चालवू नको. यहेज्केलच्या ३४व्या अध्यायात पुन्हा तोच, आणि तिथं कळपावर जुलमाने सत्ता चालवणाऱ्या मेंढपाळांवर देव संतापलाय. सत्ता आहे, पण ती कशी चालवली याची चौकशी आहे.

आपल्याकडे शेळी अर्धलीनं द्यायची चाल आहे. शेळी एकाची, सांभाळणारा दुसरा. दूध सांभाळणाऱ्याचं, करडं निम्मी-निम्मी. पण धन्याला न विचारता ती विकता येत नाही, कापता येत नाही. मेली तर दाखवावी लागते. निर्गमच्या २२व्या अध्यायात जवळजवळ हाच करार आहे. दुसऱ्याचं जनावर सांभाळायला घेतलं आणि ते चोरीला गेलं तर भरून द्यायचं. श्वापदाने फाडलं तर उरलेलं आणून पुरावा म्हणून दाखवायचं, मग भरपाई नाही. ख्रिस्ती समजुतीत गोठ्यातलं प्रत्येक जनावर असं अर्धलीचं आहे. दावणीला बांधलेलं तुमच्या, पण धनी वेगळा.

बैलाचे कायदे

बायबलचा हा भाग शेतकऱ्याने वाचावा. शहरातला वाचक इथली पानं उलटून पुढे जातो.

*मुसकं.* 'अनुवाद' हे बायबलमधलं एक पुस्तक, त्याच्या २५व्या अध्यायाचं ४थं वचन (२५:४) – मळणी करणाऱ्या बैलाला मुसकं बांधू नको. खळ्यात तिवड्याभोवती पात फिरताना बैल घासभर कणसं तोंडात घेणारच. मुसकं घातलं तर पायली-दीड पायली वाचेल, पण जो तुडवतोय त्यानेच उपाशी फिरायचं. नियम मळणीपुरता आहे, हेही ध्यानात घ्या. कपाशीत किंवा सोयाबीनमध्ये कोळपं हाणताना मुसकं लावतात ते उभं पीक वाचावं म्हणून. त्याला इथं मनाई नाही. राबून निघालेल्या धान्यात राबणाऱ्याचा वाटा, एवढाच मुद्दा. आता मळणीयंत्र आल्याने खळीच गेली, तरी मुद्दा तसाच उभा आहे.

*जू.* अनुवाद २२:१० – बैल आणि गाढव एका जुवाला जुंपू नको. बैलाला वशिंड असतं, त्याच्या आधाराने जू टेकतं. गाढवाला ते नाही. उंची वेगळी, पाऊल वेगळं. जू तिरपं होतं, बुटक्याच्या मानेवर भार उतरतो आणि लांब पावलाचा त्याला ओढत नेतो. चांगल्या भरल्या देवणी बैलाजवळ कोवळा गोऱ्हा जुंपला तरी हेच होतं: खांदा सोलतो, सुजतो, आणि तसाच जुंपत राहिलं तर पिकतो. जुंपावंच लागलं तर जाणता माणूस जुवाची मधली गाठ तगड्या बैलाकडे चार बोटं सरकवतो. गोऱ्ह्याकडचा दांडा लांब होतो आणि त्याच्यावरचा भार हलका.

*सुट्टी.* दहा आज्ञांमधल्या शब्बाथच्या आज्ञेत, म्हणजे आठवड्यातल्या विश्रांतीच्या दिवसाच्या आज्ञेत, बैल आणि गाढव नाव घेऊन आलेत. निर्गम २३:१२ मध्ये तर कारणच असं दिलंय: तुझ्या बैलाला आणि गाढवाला विसावा मिळावा. दासीपुत्र आणि परका माणूस त्यांच्यानंतर येतात. आपल्या सरकारचे १९६५ चे ओझ्याच्या जनावरांचे नियमही पाहा: दिवसात ९ तासांवर काम नाही, विश्रांतीशिवाय सलग ५ तासांवर नाही, आणि पारा ३७ अंशांवर असेल तर दुपारी १२ ते ३ जुंपायचंच नाही. परभणी-नांदेडच्या एप्रिल-मे महिन्यात हा शेवटचा नियम पाळायचा तर दुपारची गाडी बंदच ठेवावी लागेल. रविवारी उपासनेला जाणाऱ्या शेतकऱ्याने त्या दिवशी बैल शेजाऱ्याला भाड्याने दिला, तर आज्ञा अर्धीच पाळली.

*वैऱ्याचं गाढव.* निर्गम २३:५ – तुझा द्वेष करणाऱ्याचं गाढव ओझ्याखाली बसलेलं दिसलं तर तसंच सोडून जाऊ नको, मदत कर. बांधाचं भांडण बांधावर. गाढवाने काय केलंय?

*मारका बैल.* निर्गम २१:२८ पासून. बैलाने माणूस मारला तर बैलाला दगडमार, मांस कुणी खायचं नाही, पण मालक निर्दोष. बैल आधीपासून मारका असेल, मालकाला सांगूनही त्याने बांधला नसेल, तर मालकही मरणाला पात्र. खंडणी ठरली तर ती देऊन सुटका. याच्याशेजारी बाबिलोनचा प्राचीन राजा हम्मुराबी याचा कायदा ठेवून पाहा. तिथं मारक्या बैलाच्या मालकाला ठरावीक चांदीचा दंड, आणि विषय संपला. बायबलमध्ये माणसाचा जीव गेला की तोट्याचा हिशेब पुरत नाही. एक खटकणारी गोष्टही सांगायला हवी: त्याच उताऱ्यात गुलाम मेला तर त्याच्या धन्याला ३० शेकेल चांदी द्या, असं आहे. म्हणजे माणसाची किंमत तिथंही रुप्यात झालीच. त्या कायद्यावर त्याच्या काळाचा ठसा आहे, आणि तो झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

"पण पौल तर विचारतो, देवाला बैलांचं काय?"

हा आक्षेप खरा आहे. करिंथकरांस पहिल्या पत्रात (९:९) पौल, म्हणजे आरंभीच्या ख्रिस्ती मंडळ्यांना पत्रं लिहिणारा प्रेषित, मुसक्याचीच आज्ञा घेतो आणि विचारतो, देवाला बैलांचीच काळजी आहे काय? हे आपल्यासाठीच लिहिलंय. पुढे त्यावरून तो सांगतो की सुवार्तेचं काम करणाऱ्याला मंडळीने पोसावं.

आपल्याकडे कैमुतिक न्याय म्हणतात, तो हा. धाकट्याला लागू, मग थोरल्याचं काय सांगावं! राबत्या बैलाला घास, तर राबत्या माणसाला का नाही? शिडीची खालची पायरी काढली तर वरच्या पायरीवर चढता येत नाही. बैलाचा हक्क खोटा धरला तर पौलाचाही मुद्दा कोसळतो.

तरीही शतकानुशतकं बऱ्याच ख्रिस्ती पंडितांनी हे वाक्य सरळ घेतलं. तेराव्या शतकातल्या थॉमस अक्वायनसचं म्हणणं असं की जनावराशी क्रूर वागू नये, कारण ती सवय मग माणसांवर उतरते. निष्कर्ष बरा, कारण लंगडं. उलट बाजूचेही लोक होते. १८२४ मध्ये लंडनला जनावरांवरची क्रूरता रोखणारी संस्था निघाली. ती काढण्यात आर्थर ब्रूम हे पाद्री पुढे होते आणि गुलामांच्या व्यापाराविरुद्ध लढलेले विल्बरफोर्सही सोबत होते. माणसाच्या बाजूने उभा राहणारा जनावराच्या विरुद्ध जातो, असं काही नसतं.

मग मटण कसं चालतं?

चालतं. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात माणूस आणि पशू दोघांनाही शाकाहारच सांगितलाय. मांसाची परवानगी जलप्रलयानंतर, ९व्या अध्यायात येते, आणि तीही अट घालून. रक्त खायचं नाही, कारण रक्त म्हणजे जीव आणि जीव धन्याचा. लेवीय २२:२८ मध्ये आणखी एक अट: गाय किंवा मेंढी आणि तिचं पिल्लू एकाच दिवशी कापायचं नाही. मांस न खाणारा ख्रिस्ती चुकीचा नाही, खाणाराही नाही. रोमकरांस पत्राच्या १४व्या अध्यायात एकमेकांना नावं ठेवू नका म्हणून सांगितलंय. परवानगी खाण्याची आहे, हाल करण्याची नाही. टेम्पोत पाय बांधून एकावर एक रचलेल्या उस्मानाबादी शेळ्या त्या परवानगीत बसत नाहीत.

बळीचं म्हणाल, तर जुन्या करारात, म्हणजे बायबलच्या येशूआधीच्या भागात, ते होतं. येशूच्या मरणाने ते एकदाचं पुरं झालं, ही ख्रिस्ती श्रद्धा. त्यामुळे चर्चमध्ये पशुबळी नाही.

दोन हजार डुकरं

मार्कच्या ५व्या अध्यायात येशू एका पछाडलेल्या माणसातून भुतं काढतो. ती डुकरांत शिरतात आणि सुमारे दोन हजारांचा कळप समुद्रात बुडून मरतो. ऑगस्टीन या जुन्या ख्रिस्ती पंडिताने यावरून सरळ काढलं की जनावरांबाबत आपलं काही कर्तव्य नाही. त्याच्याशी सहमत व्हायलाच हवं असं नाही. डुकरं मेली ती भुतांच्या करणीने; येशूने शिरू दिलं, हे मात्र खरं. गोष्टीचा भार वेगळ्या जागी आहे. थडग्यांत राहणारा, साखळदंड तोडणारा, स्वतःला दगडांनी ठेचणारा माणूस शुद्धीवर येऊन कपडे घालून बसलाय, आणि गावकरी येशूला म्हणतात, आमच्या हद्दीतून जा. त्यांच्या हिशेबात माणूस स्वस्त पडला. एवढं सांगूनही हा उतारा अवघडच राहतो, हे कबूल करावं.

पैठणचा रेडा आणि बलामाची गाढवी

मराठवाड्याच्या मातीत प्राण्यांच्या तीन गोष्टी रुजल्यात. ज्ञानेश्वरांनी पैठणला रेड्याच्या मुखी वेद वदवले. त्याच पैठणच्या एकनाथांनी काशीहून आणलेलं गंगाजल तहानेल्या गाढवाला पाजलं. आणि नरसीचे नामदेव पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावले. तिन्हींचं मूळ एकच: भूतमात्रात भगवंत.

बायबलमध्येही एक जनावर बोलतं. गणनाच्या २२व्या अध्यायात बलाम नावाचा संदेष्टा आपल्या गाढवीला तीनदा मारतो, कारण ती वाटेत अडते. तिला वाटेवरचा देवदूत दिसतो, संदेष्ट्याला दिसत नाही. शेवटी ती विचारते, मी तुझं काय केलं? आणि देवदूत पहिला जाब विचारतो तो याचाच: गाढवीला तीनदा का मारलंस?

गोष्टी शेजारी ठेवल्या की फरकही दिसतो. नामदेवांना कुत्र्यात विठ्ठल दिसला. ख्रिस्ती माणसाला गाढवीत देव दिसत नाही. निर्माता वेगळा, निर्मिती वेगळी, ही त्याची ठाम भूमिका. म्हणून तो पोळ्याला बैलाची पूजा करत नाही. पण आदल्या दिवशीची खांदेमळणी, तुपा-हळदीने बैलाचा खांदा चोळून "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या" म्हणणं, यातला विसावा आणि कृतज्ञता शब्बाथच्या आज्ञेपासून फार लांब नाही. रस्ता वेगळा, पण गाढवाला पाणी दोन्हीकडून मिळतं.

मग कुत्र्याचं काय, दुष्काळात काय?

चावणाऱ्या कुत्र्यापुढे लेकराचा जीव आधी, इथं ख्रिस्ती विचार घुटमळत नाही. कुत्रं चावलं तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवायची, चुना-हळद-मिरची काही लावायचं नाही, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. दंडात घ्यायची लस ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी. दात रुतून रक्त आलं असेल तर सोबत जखमेत टोचायचं सीरमही. दोन डोस घेऊन कंटाळा करणं जिवावर बेततं. पिसाळलेलं कुत्रं वेगळं करावंच लागतं. पण गल्लीत विषारी लाडू टाकणं, पिल्लं पोत्यात घालून नदीत सोडणं, हे 'माणूस मोठा' या वाक्याखाली खपत नाही. मोठेपण नेमणुकीतून आलंय, आणि नेमलेल्याने असलं काम केलं तर जाब तोच देतो.

दुष्काळाचं गणित जास्त कठीण. ३५० किलोच्या बैलाला वजनाच्या अडीच टक्क्यांनी दिवसाला ९ किलोच्या आसपास कोरडा चारा लागतो, उन्हाळ्यात ४० लिटरवर पाणी. कडब्याचा शेकडा महागला, टँकर आठवड्याने येतोय, आणि त्याच पैशात पोरीची फी भरायचीय. कॅथलिक चर्चच्या १९९२ च्या शिकवणुकीत (कलम २४१८) दोन वाक्यं शेजारी आहेत: विनाकारण प्राण्याला हाल देणं किंवा मारणं माणसाच्या प्रतिष्ठेला शोभत नाही, आणि माणसाच्या दुःखासाठी जो पैसा आधी लागायला हवा तो प्राण्यांवर उधळणंही शोभत नाही. म्हणून फी आधी. पण याचा अर्थ बैल खुंट्याला उपाशी मरू द्यायचा, असा होत नाही. छावणी उघडली असेल तर तिथं न्या, पाणी असलेल्या पाहुण्याकडे धाडा, अंगावर मांस आहे तोवर राबवणाऱ्याला विका. उशीर हीच इथली नेहमीची चूक. हाडं दिसायला लागली की ना गिऱ्हाईक मिळतं, ना बैल चालत छावणीपर्यंत जातो.

मेल्यावर जनावर कुठं जातं?

लहान मुलं हे हमखास विचारतात, आणि मोठे टाळतात. उपदेशकच्या ३ऱ्या अध्यायात लेखक स्वतःच विचारतो की माणसाचा प्राण वर जातो आणि पशूचा खाली, हे कुणाला ठाऊक? रोमकरांस ८व्या अध्यायात सगळी सृष्टी वेदनांनी कण्हते आहे आणि तिची सुटका व्हायचीय, असं आहे. यशयाच्या ११व्या अध्यायात लांडगा कोकराजवळ राहतो. यावरून मेथडिस्ट या ख्रिस्ती चळवळीचे जॉन वेस्ली यांनी १७८१ मध्ये एका प्रवचनात मांडलं की प्राण्यांनाही देव नवं जीवन देईल. अक्वायनसच्या मते पशूचा आत्मा देहाबरोबर संपतो. चर्चने याबाबत एकमुखी निकाल दिलेला नाही.

जनावरासाठी अंत्यविधीची उपासना नसते. पण बारा वर्षं राबलेला बैल गेला आणि घरात चूल पेटली नाही, तर पाळकाने येऊन प्रार्थना करायला काहीच आड येत नाही. ती प्रार्थना घरातल्या माणसांसाठी असते, आणि तिच्यात बैलाचं नाव घेतलं तरी चालतं.